गायकवाडबाईंना आणायला

सलोमी,

तू भाजी घेऊन येशील तेव्हा मी घरात नसेन. तुमच्या मंडळीतल्या गायकवाडबाईंना आणायला राजघाटाकडे चालले आहे. गल्लीतून नको, नावेतून आणीन आणि रामघाटाच्या पायऱ्यांनी वर चढवीन. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून वेळ लागेल.

त्या दोघांनी आपल्या घरी येणाऱ्यांना गल्लीच्या तोंडाशी अडवून नाव-पत्ता लिहून घेतल्यापासून तुमच्या मंडळीतलं कुणी रविवारच्या उपासनेला फिरकलेलं नाही. तू म्हणालीस, "आई, येशू एकटीचंही ऐकतो." ऐकत असेल. पण तीन रविवार मी माझ्या देवांपुढे बसून ऐकते आहे, तू पहिल्या कडव्यालाच थांबतेस. तुम्ही चौघी मिळून गात होतात तेव्हा माझी फुलंसुद्धा तुमच्या चालीवर वाहिली जायची.

आज सकाळी ते दोघे पुन्हा पानवाल्याकडे उभे होते. एकाने मला विचारलं, "माताजी, आज कितने लोग आएँगे?" मी म्हटलं, "मैं और मेरी बहू, और कौन." तो हसला आणि त्याने कुणाला तरी फोन लावला.

मागच्या खोलीत चटई घाल, बायबल काढून ठेव आणि खिडक्या लावून घे. माझा आवाज ओळखल्याशिवाय कडी काढू नकोस. पाच वाजेपर्यंत आम्ही आलो नाही तर निमिषला लखनौला फोन कर. त्याआधी करू नकोस. तो माझा मुलगा आहे, मला अर्ध्या वाटेतून परत फिरायला सांगेल आणि मी कदाचित फिरेनही.

आई