एका सेल्फमध्ये

विजू,

मी काकांबरोबर पुढे आळंदीला जातोय, घाटावर दहाव्याची तयारी बघायला. तू आईला गाडीतून घेऊन ये. गाडी काल आकुर्डीच्या गॅरेजमधून आणली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, स्टार्टर नवा टाकला. पेट्रोलचा वासही गेला. पंपावर नळी खट्‌कन थांबली की बस कर. आप्पांसारखं 'अजून थोडं टाक' म्हणू नकोस. जास्तीचं पेट्रोल टाकीतली वाफ धरणाऱ्या डब्यात शिरतं आणि वास सुटतो, असं मिस्त्री म्हणाला. सीट अजून आप्पांच्याच मापाची आहे, पुढे ओढून घे.

गाडी आता एका सेल्फमध्ये चालू होते. म्हणून आईला वरच थांबव, चालू करून मगच खाली बोलव. त्या दिवशी मी सेल्फ मारत राहिलो, तेव्हा आप्पांचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

दादा