उशी आणि लंगडा घोडा

मंगळवार, दुपारचे दोन
(दुकानाच्या मागच्या खोलीतून, मोटर-वाइंडिंगच्या टेबलावरून)

आदरणीय दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचं पित्त आणि गॅलरीतलं ते कायम आजारी गुलाबाचं रोप, तिघांचीही तब्येत सुधारली असेल असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच. पत्र हातानं लिहितोय, कारण फोनवर तुम्ही ‘ऐकू येत नाही, ऐकू येत नाही’ म्हणून फोन ठेवता, आणि तुमच्या मागे चालू असलेल्या टीव्हीवरच्या बातम्या मला इथं शब्दन् शब्द ऐकू येतात. (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. लग्नाच्या बोलणीत आतल्या खोलीत, बंद दाराआड, तुम्ही मला ‘वायरी गुंडाळणारा’ म्हणाला होतात, तेही मी बाहेर चहा पिता पिता ऐकलं होतं. चहा चांगला होता.) तुमची सकाळची चित्रं मात्र वेळेवर पोचतात. बारा दिवसांत बारा गुलाब आले, प्रत्येकाखाली ‘धीर धरा, सगळं छान होईल’. तुमची बहीण ते बघते, फोन पालथा ठेवते आणि भिंतीकडे तोंड करते.

तिच्या पोटातून लिंबाएवढी गाठ काढली त्यालाही आज बारा दिवस झाले. गाठ गेली मोठ्या लॅबमध्ये तपासायला. ती साधी की वाईट हे रिपोर्ट सांगणार, आणि येत्या गुरुवारी सकाळी अकराला आम्हाला तो घेऊन डॉक्टरांपुढे बसायचं आहे. डॉक्टर हाताचा हलका आहे, पण सूचना देण्यात त्याला तोड नाही. घरी सोडताना म्हणाला, यांचं मन प्रसन्न ठेवा, पण हसवू नका, टाक्यांवर ताण येतो. रडवूही नका, रडताना पोट जास्त हलतं. खोकला आणि शिंक तर नकोच. मी विचारलं, मग प्रसन्न ठेवायचं कुठल्या बाजूनं? तर म्हणाला, घरी बसून आपले जुने सिनेमे दाखवा. आपल्या सिनेमात हसणं आणि रडणं काढलं तर नुसती नावांची पाटी आणि मध्यंतर उरतं, हे त्या बिचाऱ्याला कोणी शिकवलेलं नसावं. जाता जाता त्यानं स्वतःचा बिघडलेला मिक्सर माझ्या हातात दिला. (मला ओळखणारा माणूस निरोप देताना वायर असलेलं काहीतरी हातात देतोच. तुमचा टेबलफॅन अजून माझ्याकडेच आहे.)

मी कामाला लागलो. मी शाळा सातवीत सोडली, पण मशीन तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नाही कधी. रोज जेवणाच्या सुट्टीत दुकानात सिनेमा आधी एकटा बघायचो, आणि वहीत लिहून ठेवायचो, कुठं हसू येतं, कुठं रडू येतं. चार वाजता घरी यायचं, पडदे ओढायचे, ती सोफ्यावर आडवी, पायाशी माझी आई, आणि मी रिमोट घेऊन दाराजवळच्या स्टुलावर. धोक्याची जागा आली की पुढे ढकलायचं. पहिला सिनेमा तीन तासांचा होता, तो आम्ही चौतीस मिनिटांत संपवला. नायक बसमधून उतरला, पाणी प्यायला, त्याला नोकरी लागली आणि सगळे ओळीनं उभे राहून हसले. तुमच्या बहिणीनं विचारलं, हा सिनेमा होता की लग्नाचा अल्बम? मला वाटलं, पसंत पडला.

मग तिनं रिमोट काढून घेतला आणि दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलेली युक्ती पुढे आली. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची, म्हणजे टाके सुरक्षित. तेव्हा ठरलं की सिनेमा सबंध बघायचा, आणि मला वही पाठ असल्यामुळे विनोद यायच्या आधी पाच सेकंद मी हात वर करून ‘उशी’ म्हणायचं. योजना उत्तम होती. पण तुम्हीच सांगा, स्टुलावर बसलेला छप्पन्न वर्षांचा नवरा हात वर करून गंभीरपणे ‘उशी’ म्हणतो आणि पाच सेकंदांनी पडद्यावर एक जाड माणूस पिठाच्या पोत्यात पडतो, यात जास्त हसू कशाचं येईल? दुसऱ्या दिवसापासून ती पडद्याकडे बघेचना, माझ्या हाताकडेच बघायची. त्यात आईनं ही जबाबदारी आपलीही मानली. (आई एक्क्याऐंशी, कान नावापुरते, डोळे घारीचे.) मी ‘उशी’ म्हटलेलं तिला ऐकू यायचं नाही, ती विनोद होऊन गेल्यावर सून हलताना दिसली की मग ओरडायची, ‘उशी, उशी!’ म्हणजे एका विनोदाला तीन झटके.

शिवाय आई नटांना सोडत नाही. सोमवारी ज्यानं गोदाम जाळलं, तोच नट बुधवारी दुसऱ्या सिनेमात मुलीचा प्रेमळ बाप होऊन आला. मुलगी त्याच्या पाया पडायला वाकली तशी आई उठून टीव्हीपाशी गेली आणि मुलीला म्हणाली, ‘पोरी, लांब हो, हा काडेपेटीवाला आहे.’ त्या दिवशी उशी कमी पडली, मी धावत जाऊन गादीची गुंडाळीच आणली.

तर घरात हसू होतं दादा, हे तुम्हाला वाटेल. पण आता धंद्याचं सांगतो. मोटर चालते आहे की नुसती फिरते आहे, हे मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून सांगतो. फिरणारी मोटर आवाज करते, दिवाही लागतो, पण तिला ओढायला काही द्या, लगेच बसते. तुमची बहीण नुसती फिरत होती. सिनेमा संपला, पडदे सारले, की उठून स्वयंपाकघरात जायची. एका संध्याकाळी बघतो तर सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. साखर, रवा, मेथीदाणे, आईच्या गोळ्या सकाळच्या, आईच्या गोळ्या रात्रीच्या. म्हटलं हे कशाला? म्हणाली, तुम्हाला सापडत नाही म्हणून. तीस वर्षं मला सापडत नव्हतं, तेव्हा चिठ्ठ्या नव्हत्या. मी मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी तेवढी काढून टाकली, म्हणजे विचारायला काहीतरी राहील.

शुक्रवारी मी तिला सरळ विचारलं, तुला स्वतःला कुठला बघायचाय? म्हणाली, नाव आठवत नाही. एक लंगडा घोडा होता. मुकी आई होती. अर्धाच पाहिला. आता तुम्हाला आठवलं असेल, आणि खुर्चीत थोडे सावरून बसला असाल. बसा.

ती आठ वर्षांची, तुम्ही तेरा वर्षांचे. मध्यंतरात तिनं पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या टोपीत उलटी केली आणि तुम्ही तिला पाठुंगळी मारून घरी आणलंत. पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलंत, की मी परत जाऊन राहिलेला अर्धा बघून आलो. आणि मग सांगितलात शेवट: घोडा तीन पायांवर गाव ओलांडून कोर्टात येतो, वीस माणसांतून खुनी हुंगून काढतो, मुकी आई आयुष्यात एकच शब्द बोलते, आणि सगळे घरी जातात. हा शेवट तिनं तुमच्याकडून गालगुंडात ऐकला, टायफॉइडमध्ये ऐकला, दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी ऐकला. प्रत्येक वेळी घोडा थोडं जास्त काम करायचा असं ती सांगते. दहावीच्या वेळी तर तो वकिलाच्या हातातून कागद घेतो. आणि इतकं असून एक डूख तिनं पंचेचाळीस वर्षं धरला, मीच किती वेळा ऐकलाय: दादा मला सोडून एकटा गेला सिनेमाला.

सिनेमा शोधायला नाव नव्हतं, पण गाण्याची अर्धी ओळ तिला गुणगुणता येत होती. ती मी कानात घेतली आणि माझं एक म्हातारं गिऱ्हाईक आहे, जन्मभर थिएटरात मशीन चालवलेलं, त्याच्यापुढे जाऊन तशीच गुणगुणून दाखवली. त्यानं तीन सुरांत नाव सांगितलं. (ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही उत्तर तयार ठेवाल.) रविवारी चार वाजता पडदे ओढले. हा एक सिनेमा मी आधी तपासला नाही. तुम्ही पाहिलेला होता ना, तुमच्यावर विश्वास टाकला.

मध्यंतरापर्यंत तिला वाक्यन् वाक्य पाठ. मध्यंतरानंतर तिसऱ्या मिनिटाला मुकी आई मेली. न बोलता. माझ्या आईनं विचारलं, ‘ही बोलणार होती ना?’ मग नायक शहरात गेला, नाचला, मोटरबोट चालवायला शिकला. आम्ही तिघं घोड्याची वाट बघतोय. कोर्ट आलंच नाही. खुनी दरीत आपसूक पडला. नायक-नायिका मोटरबोटीत बसली आणि पाण्यात लांब गेली, पांढरी अक्षरं आली, आणि घोडा, दादा, मध्यंतरानंतर एकदाही पडद्यावर आला नाही. करणारे त्याला विसरले होते. आई म्हणाली, ‘बोटीत मागे बसला असेल, नीट बघा.’

मी हात वर केला नाही. मला काही वहीत लिहिलेलं नव्हतं. तिनं उशी आपणहून पोटाशी ओढली. मला वाटलं, रडणार. मग ती म्हणाली, ‘म्हणजे दादा परत गेलाच नव्हता.’ थोड्या वेळानं, ‘मला सोडून गेलाच नव्हता तो.’

आणि हसली. मी दहा दिवस ज्या आवाजाची वाट बघत होतो तो आवाज. स्क्रूड्रायव्हर लावायची गरज नव्हती, खालच्या मजल्यावर ऐकू गेला. शाळेत पोरांना पस्तीस वर्षं इतिहास शिकवणारा, सनावळीत एक वर्ष चुकलं तर अर्धा मार्क कापणारा माणूस, त्यानं एक अख्खा घोडा पदरचा घातला, म्हणून ती हसत होती. आणि हसता हसता एक टाका उसवला. उशीनं काही केलं नाही.

बाकी सर्व ठीक. आई तुम्हाला आशीर्वाद सांगते आणि विचारते, घोड्याचं पुढे काय झालं.

आपला,
वायरी गुंडाळणारा

ता. क. टाका किरकोळ आहे, काळजी नको. पण त्यापायी मला काल डॉक्टरांना फोन करावा लागला. रिपोर्ट कालच आला आहे, एक प्रत त्यांच्याकडे, एक बंद पाकिटात आमच्याकडे. पाकीट टीव्हीखाली ठेवलंय. ती मला उघडू देत नाही. म्हणते, दादा येईल तेव्हा दादाच वाचेल, शेवट त्यानं सांगायचा असतो. हे पत्र आज संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय, रात्रीच मिळेल; उद्या सकाळच्या बसनं निघा. तुम्हाला दवाखान्याचा वास सोसत नाही हे मला माहीत आहे, तीस वर्षांपूर्वी आमच्या मुलाच्या जन्माच्या वेळेला तुम्ही फाटकाबाहेर उभे होतात, तेही दिसलं होतं. घरी यायचंय, दवाखान्यात नाही.

ता. क. दुसरा. हे तिला कळता कामा नये. वाईट सांगायचं असलं की डॉक्टर आधी ‘तुमच्याजवळ कोण आहे, जरा बसून बोलू’ म्हणतो, आवाज खाली घेतो. रिपोर्ट पुढ्यातच आहे असं सांगून हा डॉक्टर मला काल फोनवर म्हणाला, टाक्याला नुसती पट्टी लावा, गुरुवारी या, आणि माझ्या मिक्सरचं झाकण बसतंय का नीट? माझा कान सांगतो, पाकिटात घाबरण्यासारखं काही नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं, तर तुम्ही तेरावा गुलाब पाठवून मोकळे झाला असता.

ता. क. तिसरा. तीस वर्षांत माझा कान दोनदा चुकलाय. म्हणून या. येताना काही आणू नका, घोडा तेवढा आणा. फॅन तयार आहे.