पायाशी पंखा

४ डिसेंबर
सहावी नोकरी! हॉस्पिटलच्या तळघरात. पोटात घालायच्या दुर्बिणीच्या नळ्या धुवायच्या, मग ग्लुटाराल्डिहाइडच्या टबात बुडवून ठेवायच्या. सगळे त्याला नुसतं ग्लुटा म्हणतात — लाडका पुतण्याच जणू! जंतू मारतं म्हणे. माणसाचं तरी काय भलं करणार? भिंतीवर नियमांचा कागद पिवळा पडलाय : हातमोजे, चष्मा, झाकण. वाचायला माझ्याइतकं रिकामं कोण आहे?

जोडीला मावशी. एकोणीस वर्षं इथेच. हातमोजे दोन-दोन, एकावर एक! मी हसलो तर म्हणाली, "तुझी कातडी तुला जड झाली असेल, मला नाही."

५ डिसेंबर
हवा ओढणारा पंखा कुठे बसवलाय, तर टबामागे, जमिनीलगत! वास वर जातो हे शेंबड्या पोरालाही कळतं. इंजिनियर म्हणे! दाराखालचा गार वारा ओढून घेतो तो नेमका माझ्या पोटऱ्यांवरून.

८ डिसेंबर
पंख्याच्या जाळीत टॉवेल कोंबला. चौथ्या नोकरीतल्या लॉजचा, नाव विणलेला. त्या लॉजच्या गमती मावशीला सांगून झाल्यात, टॉवेल कसा ढापला तेही. पाय आता उबदार. कुणाला पत्ता नाही — टबामागे वाकून बघतंय कोण!

१२ डिसेंबर
मावशीचे डोळे लाल. दिवसभर खोकते. नाटकं! झोंबतं मलाही, पण मी आपला चहाला सटकतो. मागच्या गल्लीत एकजण जुन्या घड्याळांचे काटे विकतो. नुसते काटे! घेतं कोण? तासभर बघत बसलो. परत आलो तर मावशी भिंतीला धरून उभी. "झाकण नीट लाव रे." अहो, लावलेलंच होतं!

१५ डिसेंबर
डॉक्टरने मावशीला दम्याचा पंप दिला. इन्चार्ज बाई लांबूनच, नाकाला रुमाल लावून — "वय झालं मावशी तुमचं." तळघराची पायरी उतरत नाही, आणि निदान करते!

१९ डिसेंबर
तपासणीवाला आला. त्याच्या मागोमाग इन्चार्ज बाईही, चक्क तळघरात! टाय, बूट, हातात हवा मोजायचं यंत्र. मला हसू येत होतं. टबाजवळ ते यंत्र किंचाळायला लागलं. तो वाकला.

"ही वाफ हवेपेक्षा जड. खाली साचते. म्हणून पंखा खाली," म्हणाला, आणि टॉवेल ओढून काढला. "हा कुणाचा?"

लॉजचं नाव सगळ्यांसमोर. मी टबाचं झाकण उगाच नीट करत बसलो.

मावशी म्हणाली, "माझाच. पाय गारठतात हो."

इन्चार्ज बाई तिला वर घेऊन गेली. जाता जाता मावशी माझ्या कानाशी — "पहिल्यांदा कुठे दोन आठवडे टिकलायस. पळू नकोस आता, गाढवा."

मी तेव्हाही गप्प. लोकांना नावं ठेवताना बरी चालते जीभ!

२० डिसेंबर
मावशीला काढलं. खोलीत मी एकटा. पाय गारठलेत.

डोळे अजिबात झोंबत नाहीत.