दादांच्या गाडीचा दांडा

६ जाने. ७४, रवि.
दादा टेंभुर्णीच्या वळणावर मोटार उसाच्या बैलगाडीला घासून आले. डावा मडगार्ड चेपलाय. "गाडी लई झुलती वळणावर," एवढंच म्हणाले. वीस वर्षं साहेबांकडे ड्रायव्हर म्हणून हीच गाडी चालवली, साहेबांनी गाव सोडताना त्यांनाच दिली. अशा माणसाला 'आता चालवू नका' कोण सांगणार? सुमन म्हणते, मुलगा तुम्ही, तुम्हीच सांगा. मी म्हणालो, बघू.
गाडीचाच दोष असेल. जुनी आहे.

८ जाने.
मिलमधली पाळी संपवून गाडीखाली शिरलो. पुढची दोन चाकं बांधणारा आडवा दांडा, स्टॅबिलायझर, अंगठ्याएवढाही जाड नाही. रबरं गेलेली. जाड दांडा घातला की कलंडणं थांबेल. मिलच्या भंगारातला मागाचा शाफ्ट खात्यात विचारून आणला. इतकी वर्षं माग ओढलेलं लोखंड, त्याला काय धाड भरलीय.
हमीदभाईच्या गॅरेजात नेला. तो हातात घेऊन म्हणाला, "ये लोहा मुडता, वापस नै आता." हसलो. मिलचा फिटर मी, आणि हा मला लोखंड शिकवतोय.

१३ जाने., रवि.
दांडा बसवला. दादा विजापूर रोडला चक्कर मारून आले ते गाडी एका अंगाला कललेली, म्हैस बसायच्या बेतात असावी तशी. दांड्याला पीळ बसलाय, सुटत नाही. मागाचा शाफ्ट जन्मभर एकाच अंगाने गोल फिरला. पीळ खाऊन परत सरळ व्हायचं त्याला ठाऊकच नव्हतं, आणि मलाही.
हमीदभाई लगेच पाना घेऊन गाडीखाली शिरला. तेच जास्त लागलं.

१९ जाने., शनि.
हमीदभाईने स्प्रिंगच्या जातीचं पोलाद मिळवलं. तापवलं, वाकवलं, तेलात विझवलं. नवी रबरं. गाडी वळणावर ताठ! दादा म्हणाले, "पोरा, हात चांगला हाय तुजा." जन्मात पहिल्यांदा. जेवताना दोनदा भात घेतला मी.

२२ जाने.
दुपारी जेवताना दादांनी शेंगांची चटणी मागितली. चटणी ताटातच होती, डावीकडे. सुमनने ताट फिरवलं. लगेच सापडली. ती माझ्याकडे बघत राहिली, मी भाकरीकडे.
मडगार्डही डावाच.
वळणाचा काही संबंध नव्हता तर. आणि आता गल्लीतले सांगतात, दादा वळणाला गाडी हळूसुद्धा करत नाहीत. हे मी केलं. दांडा काढावा तर गाडी कलंडते, ठेवावा तर दादा सुटतात. भीती वाटते. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं तर "मला काय धाड झालीया?" म्हणून ताटावरून उठले.

२४ जाने.
परत विषय काढणार होतो. दादा गाडी पुसत होते. त्यांच्या शेजारी उभं राहून मीही पुसली.

२७ जाने., रवि.
माळशिरसला आत्याकडे. मी मुद्दाम बरोबर गेलो, दादांच्या डाव्या हाताला बसलो. टेंभुर्णीच्या पुढे उसाच्या गाड्यांची रांग. न राहवून म्हणालो, "दादा, डावीकडं गाडी हाय."
त्यांनी शांतपणे उजवीकडे घेतली. नजर समोरच. "सांगत ऱ्हा," म्हणाले. "डावीकडचं तू बघ, उजवीकडचं मी बघतो."
म्हणजे माहीत आहे. कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही. सगळी वाट मी सायकल, बैल, बाई, दगड असं पुटपुटत गेलो. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. इतकं आम्ही कधी बोललोच नव्हतो.
घरी आल्यावर चहा घेताना दादांनी विचारलं, "उद्यापासनं तुजी सकाळची पाळी न्हवं?"
हो म्हणालो. सकाळी डावीकडचं बघायला मी नसणार.
किल्ली रोज खुंटीला असते. आज त्यांनी ती खिशातच ठेवली.