केलो नव्हे, केलं

अण्णा,

परवाच्या रविवारी मी जत्रेला जाऊन आले. आपल्या जत्रेला, म्हणजे बंगळूरच्या सर्जापूर रोडवरून आत, तळ्यापलीकडच्या त्या गावच्या. तुम्ही गेलात त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि मी त्या देवळासमोर शेवटची उभी राहिले त्याला त्याहूनही कितीतरी जास्त. गंमत म्हणजे आता मी तिथेच राहते. तुमच्या मित्राच्या रानापासून हाकेच्या अंतरावर चौदा मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत, त्यातल्या एकीत मुलाने घर घेतलं. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून देवळाचा कळस दिसतो. तीन वर्षं मी रोज सकाळी चहा पिताना तो कळस बघते आहे, आणि तीन वर्षं जत्रेच्या दिवशी काही ना काही काम काढून दुसरीकडे जाते आहे.

उन्हाळ्यातला रविवार म्हटला की मला अजून आईच्या हातचं चित्रान्न, लिंबाचा फोडणीचा भात, आठवतं. पहाटे फोडणीला शेंगदाणे पडले की आम्ही उठायचो, कारण आज कुठेतरी जायचं आहे हे त्या वासावरून कळायचं. तुम्ही सर्व्हे खात्यात नकाशे काढायचात. आठवडाभर कागदावर जे काढलं ते रविवारी जमिनीवर बघायला जायचं, अशी तुमची हौस. हेब्बाळच्या बांधावर तुम्ही छत्री टेकून उभे आहात आणि आम्हाला सांगता आहात, "हे तळं मी काढलो." धाकट्या भावाला आणि मला ते खरंच वाटायचं, की एवढं मोठं तळं आमच्या अण्णांनी काढलं, त्यातल्या बदकांसकट. शाळेत मी तसं सांगितलंही होतं. कधी मारतहळ्ळीला आईच्या मैत्रिणीकडे फणस खायला जायचं, तेव्हा तिथे चार घरं आणि बाकी सगळी माती होती. पण उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा रविवार जत्रेचाच.

त्या गावाशी आपलं नातं कसं जुळलं, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलं आहे की मला ते पाठ आहे. लग्नाआधी तुम्ही तिथे मोजणीला गेलात आणि तापाने फणफणलात. एका शेतकऱ्याने तुम्हाला आपल्या घराच्या जगलीवर, ओसरीवर, आणून निजवलं. त्याच्या आईने अकरा दिवस तुम्हाला नाचणीची गंजी, पेज, पाजली. उठून बसलात तेव्हा मोजणीची साखळी, टेबल, कागद सगळं त्या घरात नीट रचून ठेवलेलं होतं. तेव्हापासून तो शेतकरी तुमचा मित्र झाला, आणि गावाने तुम्हाला नाव दिलं, 'सर्व्हे अण्णा'. दरवर्षी जत्रेला त्याच्या घरी आपलं पान ठरलेलं. ओबट्टू, म्हणजे पुरणपोळीच, आणि त्याच पुरणाच्या पाण्याचं आंबटगोड सार. मग दुपारच्या उन्हात तेर, म्हणजे रथ, ओढायचा. केळ्यात दवण्याची काडी खोचून ते कळसावर नेम धरून मारायचं. दोराला हात लावताना तुम्ही मला तुमच्या पुढे घ्यायचात. तुमचे दोन हात माझ्या दोन हातांच्या बाहेरून दोर धरलेले. मला वाटायचं रथ आपण दोघंच ओढतो आहोत.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा पुण्याहून आत्या आल्या, बरोबर त्यांच्या दोन मुली. थोरली माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. त्या बोलायला लागल्या की मी नुसती ऐकत बसायचे. आपलं मराठी घरातलं, चार नातेवाइकांतलं. शाळेत कानडी आणि इंग्रजी. मराठी म्हणजे आपण बोलतो तेच, असं मी धरून चालले होते. त्या मुली मात्र पुस्तकात छापल्यासारखं बोलायच्या. चार दिवसांत मी त्यांच्यासारखं 'अगं' आणि 'कसलं भारी' म्हणायला शिकले होते.

जत्रेला आपण सगळेच गेलो. जेवण झाल्यावर जगलीवर बसून तुम्ही त्या मुलींना तुमच्या तापाची गोष्ट सांगायला लागलात. "तीन दिवस मी काही खाल्लो नाही. चौथ्या दिवशी अज्जी गंजी केली. ती मी खाल्लो आणि उठून बसलो बघा." थोरली पटकन म्हणाली, "अय्या मामा, अज्जीला कुणी केली? आणि तुम्हाला कुणी खाल्लं?" दोघी खो खो हसल्या. आत्या त्यांच्यावर डोळे वटारत होत्या, पण त्यांच्याही तोंडाला पदर होता. तुम्हीही हसलात. म्हणालात, "आम्ही असंच बोलतो बाळ. माझ्या पणज्याचा पणजा इथे आला, तेव्हापासून." आणि गोष्ट पुढे चालू केलीत. तिथेच ते संपलं असतं.

नंतर आम्ही मुली आंब्याखाली जाऊन बसलो. तुमच्या मित्राची मुलगीही होती, माझ्याच वयाची. तिला मराठी येत नव्हतं, ती कैरीला मीठ लावून आम्हाला देत होती. थोरली मला म्हणाली, "मामा अजून काय काय बोलतात, सांग ना." आणि मी उठले, अण्णा. मला कुणी जबरदस्ती केली नाही. टॉवेल डोक्याला गुंडाळला, काठी छत्रीसारखी टेकली, तुमच्यासारखं एका पायावर वजन टाकलं. "स्वल्प थांबा हां. हे तळं मी काढलो. ते रान मी काढलो. हे आंबे पण मीच काढलो की!" दोघी लोळायला लागल्या. मला इतकं यश आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. मी आणखी करत गेले. तुमचा खोकला केला, चष्मा वर सरकवायची लकब केली. मग माझ्या लक्षात आलं की मित्राची मुलगी हसत नाही. ती माझ्या पलीकडे बघते आहे.

तुम्ही केळीच्या पानावर ताडगोळे घेऊन उभे होतात. सोलून आणले होते. पान तुम्ही आमच्यामध्ये ठेवलंत, म्हणालात, "खा. ऊन आहे." आणि वळून गेलात.

त्या दुपारी रथ निघाला तेव्हा तुम्ही दोराला होतात. मला हाक मारली नाहीत. मीही गेले नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे तुम्ही येऊन बसलात. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतात. मग हळूच म्हणालात, "माझा आवाज बरोबर काढलीस की." मी मान खाली घातली. "हात पण," तुम्ही म्हणालात. रागाचा लवलेश नव्हता. एखाद्याने चांगला नकाशा काढला तर म्हणावं तसं म्हणालात. चुकलं म्हणायला माझ्या तोंडात शब्द आला होता, पण पुढच्या बाकावर त्या दोघी होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं असतं.

राहिलेले आठ दिवस तुम्ही त्या मुलींशी जपून बोललात. "आपण चहा घेणार का?" असं. प्रत्येक क्रियापदाआधी थांबायचात, पाण्यात पाय टाकण्याआधी खोली बघावी तसे. ज्या माणसाला गोष्टी सांगायला रात्र पुरायची नाही, तो जेवताना दोन वाक्यं बोलून उठायचा. आत्यांनी विचारलंसुद्धा, "दादा, बरं नाही का तुला?"

आणि मी काय करावं? त्या मुली गेल्यावर मी तुम्हाला सुधारायला घेतलं. जेवताना, अंगणात, पाहुण्यांसमोर. "अण्णा! केलो नव्हे, केलं!" बोट वर करून. तुम्ही म्हणायचात, "केलं, केलं. सरी, बरोबर." आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा 'केलो'. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही विचारलंत, "जत्रेला येतीस काय?" मी म्हटलं, दहावीचा अभ्यास आहे. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी सांगितलं. मग तुम्ही विचारणं सोडलंत. एकटेच जायचात. संध्याकाळी लाल झालेल्या चेहऱ्याने यायचात आणि दवणा खोचलेलं एक केळं देवापुढे ठेवायचात. मी लग्न होऊन पुण्यालाच गेले. तिथे तीस वर्षांत कुणाला कळलंही नाही की मी बंगळूरची. हे मी कुणाला मोठ्या अभिमानाने सांगितल्याचंही मला आठवतं.

आता परवाचं सांगते. शेजारी नागपूरची एक मुलगी राहते, कंपनीत कामाला आहे, तिला सात वर्षांची लेक. शनिवारी लिफ्टमध्ये भेटली ती वैतागलेलीच. "काकू, संडेला रोड ब्लॉक आहे म्हणे. कॅबसुद्धा आत येणार नाही. कसलं तरी फेस्टिव्हल आहे."

"जत्रा आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

का कोण जाणे, मी बोलून गेले, "माझे वडील दरवर्षी यायचे इथे."

तेवढ्यावर लेकीने माझा हात धरला तो सोडलाच नाही. "आजी, मला दाखवा ना. दाखवा ना." सुटायला जागा उरली नाही. रविवारी आम्ही तिघी गेलो.

देऊळ तेवढंच आहे, अण्णा, पण आजूबाजूला सगळं उंच झाल्यामुळे लहान वाटतं. रथाच्या वाटेवर तारांचं जाळं आहे. दोन माणसं लांब बांबूने तारा वर उचलतात, मग रथ खालून जातो. लोक बाल्कनीतून मोबाइल धरून उभे. मांडवात काही बायका ताक वाटत होत्या. माझ्या हातात पेला देणारी पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे बघतच राहिली. मीच कानडीत विचारलं, इथे आंब्याचं एक झाड होतं, त्या घरचे लोक आता कुठे असतात? ती म्हणाली, "सर्व्हे अण्णांची मुलगी ना तू?"

तीच होती. कैरीला मीठ लावणारी.

तिने मला मांडवामागच्या खुर्चीवर बसवलं. तिचे वडील तुमच्यानंतर दोन वर्षांनी गेले. झाड रस्त्यात गेलं. मग ती म्हणाली, दम्याने चालवेना तोपर्यंत अण्णा एकही वर्ष चुकले नाहीत. जेवण झालं की जगलीवर बसायचे, आणि आमचे अप्पा विचारायचे, काय अण्णा, मुलगी काय म्हणते? असं सांगता सांगता ती ताठ झाली, मान वर केली, बोट उंचावलं आणि बारीक आवाजात मराठीत म्हणाली, "अण्णा! केलो नव्हे, केलं!"

माझा आवाज. चौदा वर्षांच्या मुलीचा, नाकातून येणारा, शहाणा आवाज. जिला मराठीचा दुसरा एक शब्द येत नाही, तिच्या तोंडून.

"आमचे अप्पा हसून हसून डोळे पुसायचे," ती म्हणाली. "त्याचा अर्थ काय, ते आम्ही कधी विचारलंच नाही बघ. अण्णा म्हणायचे, माझी मुलगी मला मराठी शिकवते."

मी विचारलं, "रागाने म्हणायचे का?"

"छे! आधी नको नको म्हणायचे. आम्ही मागे लागलो की मग तुझा आवाज काढायचे. पोरं तर त्यासाठीच थांबायची."

मी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही तसाच धरून बसले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती ताक वाटणाऱ्या दुसऱ्या बाईला सूचना देत राहिली. वीस वर्षं तुम्ही मला दरवर्षी त्या जगलीवर नेत होतात, आणि मी मात्र समजत होते की तुम्ही माझ्यावाचून जाता.

रथ निघाला तेव्हा मी नागपूरकरांच्या लेकीला पुढे घेतलं आणि तिच्या हातांच्या बाहेरून दोर धरला. खूप वर्षांनी हाताला काथ्या टोचला. केळंही मारलं, ते कळसाच्या पार खाली लागलं. लेक म्हणाली, "आजी, तुमचा नेम किती वाईट आहे." तिच्या आईने घरी येताना विचारलं, "काकू, त्या बाई मधेच मराठी बोलल्या ना? काय म्हणाल्या?" मी तिला सगळं सांगितलं, आंब्याखालचंसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. ती म्हणाली, "माझी मुलगी पण माझ्या इंग्लिशला हसते, काकू." एवढंच.

आज लिहायला बसले. हे पत्र कुठे पाठवणार, आणि पाठवायचंही नाही. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. हे मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा आपण घरी बोलायचो तसंच लिहिलं होतं, मी जत्रेला गेली, मी ताक पिली, असं. मग वाचून बघितलं आणि लाल पेनाने सगळं सुधारून या दुसऱ्या कागदावर उतरवून काढलं. पहिला कागद फाडलेला नाही, इथेच आहे. पण उद्या कुणी मागितलं, तर मी हाच दाखवीन.