गुडघ्याखाली चार बोटं

सोमवार, ६ जानेवारी
धाकटीला शाळेच्या गेटवरून परत पाठवलं. स्कर्ट आखूड. नियम असा की गुडघ्याखाली चार बोटं पाहिजे. पीटीचे नवीन सर लाकडी पट्टी घेऊन गेटवर उभे असतात. आखूड निघाला की भिंतीजवळच्या रांगेत, नाहीतर घरी. शुक्रवारी तिचा स्कॉलरशिपचा पेपर. युनिफॉर्म नीट नसेल तर पेपरलाही बसवणार नाही म्हणाले. हॉस्टेलच्या मोठ्या शाळेत जागा मिळणार की नाही, ते या पेपरवर ठरणार. आईचा जीव टांगणीला.

आई म्हणाली, खालची दुमड उसवून स्कर्ट लांब कर, झालं. मी नाही म्हटलं. जुन्या घडीची रेघ दिसते. टेलरिंगमधला माणूस घरात असताना असलं काम शोभत नाही. नवीन स्कर्ट मी शिवणार.

धाकटी म्हणाली, दादा, तू दुकानात बटणं लावतोस.

बटणं लावणं हेच खरं टेलरिंग. बाकी नुसतं कापड.

मंगळवार, ७
दुकानातल्या टेलरकाकांकडून निळं कापड आणलं. कोण शिवणार म्हणून विचारत होते. मी मान हलवली. कळलं असेल त्यांना.

शाळा सुटायच्या वेळी पीटीच्या सरांना भेटायला गेलो. काही गडबड झालीच तर पेपरपुरतं चालवून घ्या, एवढंच सांगायचं होतं. वाक्य पाठ होतं. पण सर फोनवर बोलत होते, आणि मधे बोलणं बरं दिसत नाही. त्यांचा फोन संपला तोवर मी कोपऱ्यावर पोचलो होतो.

मी याच शाळेत होतो. नववीत सोडली. कामाची ओढ होती. त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा होती, हा योगायोग.

बुधवार, ८
मापासाठी जुना स्कर्ट पूर्ण उसवला. आईने कपाळावर हात मारला. तिला प्रोफेशनल पद्धत माहीत नाही.

टेलरकाकांनी विचारलं, कापड आधी पाण्यात भिजवून घेतलंस ना? मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर बोलणं लांबलं असतं. आणि नव्या कापडाचा कडकपणा भिजवून घालवायचा कशाला?

कापलं. घेर थोडा तिरका गेला. चालताना कळणार नाही.

खाली दुमड ठेवली नाही. उगाच जाड दिसतं. एकदम बारीक पट्टी मारली. फिनिशिंग.

गुरुवार, ९
तयार!

धाकटीला घालून बघितला. गुडघ्याखाली चार बोटं, बरोब्बर. माझी बोटं, तिची नाही. तिने एक गिरकी घेतली आणि म्हणाली, चांगला झालाय रे दादा. मी म्हटलं, त्यात काय. मग उगाचच बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

खडूच्या खुणा राहिल्यात म्हणून आईने लगेच धुऊन वाळत घातला. धुवू दे. काम पक्कं आहे.

निश्चय: पुढच्या महिन्यात काकांना सांगायचं, कटिंग आता मी बघतो.

शुक्रवार, १०, सकाळी
स्कर्ट आटला. गुडघ्याच्या वर गेला. आई इस्त्रीखाली ओढून ओढून बघतेय. सोडायला दुमड नाही. जुना स्कर्ट तुकड्यांत. आई माझ्याशी बोलत नाहीये, ते एका परीने बरं आहे.

धाकटी रडली नाही. वेणी घालता घालता सूत्रं पुटपुटत होती. फक्त एकदा विचारलं, तू सरांशी बोलशील ना? मी हो म्हटलं. वाक्य अजून पाठ आहे. काळजीचं कारण नाही.

शुक्रवार, दुपारी
सरांनी धाकटीच्या गुडघ्याला पट्टी लावली आणि भिंतीकडे बोट केलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो. तोंड उघडलं.

सरांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तू कुठल्या वर्गात?"

"नववी अ."

तोंडातून कसं निघालं, माहीत नाही.

"मग युनिफॉर्म कुठाय?"

मलाही भिंतीजवळ उभं केलं. धाकटीच्या शेजारी.

पेपरची घंटा झाली. वर्गांची दारं लागायला लागली. मी वाक्य शोधत होतो. तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यात आल्या, आणि धाकटी रांग सोडून थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, काल हा बरोबर होता. माझ्या दादाने शिवलाय. धुतल्यावर आटला. आत्ता पेपरला बसू द्या, मग दिवसभर उन्हात उभी करा."

बाईंनी स्कर्टकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि जा म्हणाल्या. ती पळाली. मागे वळून बघायला तिला वेळ नव्हता.

मी रांगेतच. गेट बंद झालं होतं. मी या शाळेत नाही, एवढंच सांगायचं होतं. अगदी सोपं वाक्य. मनात तीन-चार तऱ्हेने जुळवलं.

मधल्या सुट्टीत सर आले. म्हणाले, आज सोडतोय, उद्या पालकांना घेऊन ये.

"हो सर," मी म्हणालो.

उद्या सकाळी आईला वेळ आहे का, ते अजून विचारलेलं नाही.