चार फुटी पातं

६ जानेवारी
तळेगाव ढमढेरेच्या खोक्यांच्या कारखान्यातलं पातं आलं. चार फूट लांब, पुठ्ठा कापायचं. मालकीणताई स्वतः टेम्पोत बसून घेऊन आल्या. आजवर पुण्याला पाठवायच्या, आमच्याकडं पहिल्यांदाच. मशीनवरचं दुसरं पातं फार तर आठवडाभर चालेल म्हणाल्या. धार गेलेली, दोन ठिकाणी टवके उडालेले. बाकी लोखंड उत्तम. असं काम हातात आलं की बरं वाटतं.

८ जाने.
धार सुरेख आली. बायकोनं, नसरीननं, नेहमीसारखी पात्यावर सरळ पट्टी ठेवली, मागून बॅटरी मारली. मधोमध उजेड दिसला. पातं वाकलंय. पलटून पुन्हा घेतलं. मशीनच्या मॅग्नेटला चिकटलेलं असेपर्यंत सरळ, सोडलं की कमान.

९ जाने.
तिसऱ्यांदा तेच. दर वेळी पातं झिजतंय. अजून दोनदा असं झालं तर ताईंना काय तोंड दाखवू. जुम्म्याच्या नमाजेतही तेच डोक्यात. घरी आलो तर नसरीन म्हणाली, "दौंडला जाऊन या."

मामांकडं. अकरा वर्षं त्यांच्या वर्कशॉपात काढली, ग्राइंडिंग तिथंच शिकलो. सहा वर्षांपूर्वी ते लग्नाला गावाला गेले आणि मी शेजारच्या रसवंतीवर किल्ली ठेवून शिरूरला निघून आलो. स्वतःचं टाकायचंय हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून बोलणं नाही.

१० जाने.
दौंड. वर्कशॉप त्यांनी बंद केलंय. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. पात्याचं नंतर, आधी किल्लीचं बोललो. चुकलं म्हणालो. मामा सोलतच राहिले. मग म्हणाले, "रसवंतीवाल्याला इचारलं मी, जाताना काय म्हणला सलीम. त्यो म्हणला, काय न्हाई."

रागावले असते तर सोपं गेलं असतं.

टोपली बाजूला सारून म्हणाले, "आन् काम काय अडलंय?" सगळं सांगितलं. ग्राइंडिंगचं चाक कुठलं वापरतोस विचारलं. सांगितलं, तर टोपली पुन्हा पुढं ओढली. मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

१२ जाने.
अकरा वाजता मामा दारात! कळवलं नव्हतं. चहाही नको म्हणाले. स्टुलावर बसून मशीन चालू करायला लावलं. दोन फेऱ्या ऐकल्या.

"बंद कर. चाक कडक हाय. कापत न्हाई, नुसतं घासतंय. पातं तापतंय, म्हनून वाकतंय."

ते चाक मी मुद्दाम घेतलेलं, लवकर झिजत नाही म्हणून. न झिजणंच नडलं. जुनं मऊ चाक कपाटात होतं. चढवलं, डायमंडचं टोक मारून चाकाचं तोंड खरवडून मोकळं केलं. जरा जरा काप, पलटत जा, एवढंच मामा सांगत होते. चार तास. नसरीननं बॅटरी मारली. उजेड नाही. मामांनी बॅटरी मागून घेतली, दोन्ही बाजूंनी स्वतः बघितलं. तिला विचारलं, हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, यांनी.

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मंग वाया न्हाई गेलं."

मी उठून चहा टाकला.

१३ जाने.
पातं तळेगावला पोचवलं. ताईंनी समोरच चढवून गठ्ठा कापला. कापलेल्या काठावरून बोट फिरवलं, कुठं अडकलं नाही. दुसरं पातंही याच आठवड्यात नेतो म्हणालो. येताना बाजारात गरम भजी, नसरीनसाठी पण बांधून.

१५ जाने.
सकाळी मामांचा फोन. पात्याचं काहीच नाही. दौंडहून शिरूरला पहिली एस.टी. किती वाजता म्हणे. सांगितलं. पोचते कधी तेही सांगितलं. "बरं," म्हणून ठेवला. कशासाठी ते मी विचारलं नाही. नसरीन म्हणते, विचारायचं होतं.

दुपारी वर्कशॉपातलं खिडकीजवळचं टेबल रिकामं करून पुसून ठेवलं, शेजारी स्टूल. उगाच.